नागार्जुनाचे मस्तक

वेडा शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. विस्कटलेले केस, काचेच्या नळ्यांतून उकळणारे रंगीत द्रव, बंद दाराआड चाललेला रात्रीचा उद्योग, आणि अखेर त्या उद्योगातूनच त्या माणसावर ओढवलेला सर्वनाश. हे चित्र आपल्याकडे इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि त्यांच्या मागोमाग बोलपटांतून आले. मेरी शेलीचा फ्रँकेन्स्टाइन १८१८ साली जन्मला, स्टीव्हन्सनचा डॉक्टर जेकिल १८८६ साली आणि वेल्सचा अदृश्य माणूस १८९७ साली. यांतला पहिला तर इतक्या वेळा नव्याने घडवला गेला की मूळचा कोणता हे शोधावे लागते. १८२३ साली तो लंडनच्या रंगभूमीवर निराळ्याच रूपात येऊन गेला. १८३१ च्या आवृत्तीत खुद्द लेखिकेनेच त्याला अधिक दैवाधीन करून टाकले. आणि १९३१ च्या प्रसिद्ध बोलपटात त्याचे व्हिक्टर हे नाव जाऊन हेन्री आले. आडनाव तेच, प्रयोगही साधारण तोच, पण प्रत्येक सृष्टीतला माणूस वेगळा.

असा एक पुरुष आपल्याकडेही आहे, आणि तो फ्रँकेन्स्टाइनपेक्षा निदान चौदाशे वर्षांनी वडील आहे. त्याचे नाव नागार्जुन. चीन, तिबेट, काश्मीर, गुजरात आणि रसवैद्यांच्या भट्ट्या अशा पाच निरनिराळ्या सृष्टींत तो वावरला. कुठे तो अदृश्य होतो, कुठे दगडाचे सोने करतो, कुठे मृत्यूच नाहीसा करायला निघतो. आणि यांतल्या बहुतेक सृष्टींत शेवटी कोणी तरी येऊन त्याचे मस्तक मागते. हा योगायोग नव्हे, त्याला कारण आहे, असे आम्हांला वाटते.

वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढे या विषयाला हात घालताना आधी एक गुंता सोडवणे भाग आहे. ‘नागार्जुन आणि अमरावती’ हे शब्द पुस्तकांत जवळजवळ छापलेले दिसतात आणि आपल्यापैकी पुष्कळांची छाती अभिमानाने फुगते. परंतु ती अमरावती आपली नव्हे. ती कृष्णाकाठची, आंध्रातली, प्राचीन धान्यकटकाजवळची; १७९७ साली कॉलिन मॅकेंझी या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलेल्या महास्तूपाची. आपली अमरावती अंबादेवीची. दोन गावांचे नाव एक असले म्हणून त्यांचे आचार्य एक होत नाहीत. अकोलेकरांनी यावर हसण्याचे कारण नाही. त्यांच्याही जिल्ह्यात पातूरच्या डोंगरात कोरीव लेणी आहेत, आणि लेणे दिसले की त्यात एखाद्या सिद्धाला नेऊन बसवण्याची हौस सर्वत्र सारखीच असते.

तथापि विदर्भाचा हक्क अगदीच पोकळ आहे असेही नाही. चौदाव्या शतकातला तिबेटी इतिहासकार बु-स्तोन नागार्जुनाचा जन्म स्पष्टपणे विदर्भात, एका सधन ब्राह्मणाच्या घरी झाल्याचे सांगतो. रामटेकजवळच्या एका टेकडीला आजही नागार्जुनाचे नाव आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग ज्या कोसल देशात नागार्जुनाच्या कथा ऐकून आला तो देश म्हणजे विदर्भच, असे कनिंगहॅमने मानले होते. आता बहुतेक अभ्यासक तो छत्तीसगडाकडे नेतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रामटेकजवळ मनसर येथे मोठे उत्खनन झाले. त्यात वाकाटककालीन वैभव उजेडात आले आणि ते बौद्धांचे की शैवांचे हा वादही त्याबरोबरच वर आला. वाद चालू द्यावा. आमचा प्रश्न निराळा आहे: विदर्भाने हक्क सांगायचा तो कोणत्या नागार्जुनावर?

कारण इतिहासाच्या चाळणीतून या नावाखाली एक माणूस निघत नाही. शून्यवादाचा प्रतिपादक आचार्य नागार्जुन साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला; त्याने एका सातवाहन राजाला उपदेशपर पत्र लिहिले अशी जुनी परंपरा आहे. त्याच्या ग्रंथात पारा नाही, भट्टी नाही, आहे ती केवळ तर्काची धार. सुश्रुतसंहितेला नवे रूप देणारा म्हणून टीकाकार डल्हण एका नागार्जुनाचे नाव घेतो. पाटलिपुत्राच्या खांबावर औषधाचा पाठ कोरून ठेवणारा नागार्जुन वृंदाच्या वैद्यकग्रंथात येतो. आणि पाऱ्यावर ग्रंथ लिहिणारा नागार्जुन यांच्याही बऱ्याच नंतरचा. या साऱ्यांना लोकांनी एका देहात कोंबले आणि तो देह पुरेना म्हणून त्याला शेकडो वर्षांचे आयुष्य दिले. रसायनाने आयुष्य वाढते या समजुतीचा कालगणनेला झालेला हा फायदा मोठा गमतीचा आहे.

आता त्या सृष्टी पाहू. कुमारजीवाच्या नावावर असलेले चिनी चरित्र पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यातला नागार्जुन ऐन तारुण्यात आहे, सगळ्या विद्या शिकून झाल्या आहेत, आणि तीन मित्रांसह आता सुखोपभोग तेवढा उरला आहे असे त्याचे मत झाले आहे. चौघे एका किमयागाराकडे अदृश्य होण्याची विद्या मागायला जातात. किमयागार धोरणी. विद्या दिली तर हे पुन्हा फिरकणार नाहीत, म्हणून तो तयार गोळ्याच देतो. त्या पाण्यात उगाळून पापण्यांना लावायच्या. नागार्जुन गोळी उगाळतो आणि नुसत्या वासावरून तिच्यातली सत्तर द्रव्ये प्रमाणांसह सांगून टाकतो. मग काय विचारता! चौघे अदृश्य होऊन राजाच्या अंतःपुरात शिरतात आणि काही महिन्यांत तिथे व्हायचा तो अनर्थ होतो. एक वृद्ध मंत्री सल्ला देतो की दारांत बारीक माती पसरा. भूत असेल तर पाऊल उमटणार नाही, माणूस असेल तर उमटेल. पावले उमटतात. पहारेकरी हवेत तरवारी चालवतात, तिघे मित्र मरून पडतात, आणि नागार्जुन राजाच्या अगदी जवळ श्वास रोखून उभा राहतो, कारण राजाच्या शेजारी शस्त्र चालवायला मनाई आहे. त्या क्षणी त्याला वैराग्य येते. वेल्सच्या कादंबरीतल्या अदृश्य माणसाचाही घात रस्त्यावर उमटणारी पावलेच करतात. वेल्सने हे चिनी चरित्र वाचले होते असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. शरीर लपवता येते, त्याचे ओझे लपवता येत नाही, हे दोघांनाही सुचले एवढेच.

ह्युएनत्संगाच्या वेळेपर्यंत हा उनाड तरुण महात्मा झाला होता. सातवाहन राजा त्याच्यासाठी डोंगर कोरून विहार बांधू लागतो आणि खजिना संपतो. नागार्जुन मोठमोठ्या शिळांवर आपल्या औषधाचे थेंब टाकतो. शिळा सोन्याच्या होतात आणि काम पुरे होते. याच आचार्याने राजाला दीर्घायुष्याचे रसायन दिलेले आहे. राजा मरत नाही, तेव्हा धाकटा राजपुत्र आईला विचारतो की माझी पाळी कधी येणार? आई म्हणते, आचार्य जिवंत आहे तोवर नाही. पण तो दानशूर आहे, त्याच्याकडे जाऊन त्याचे मस्तक माग. राजपुत्र मागतो. आचार्य सुकलेल्या गवताचे एक पाते उचलतो आणि स्वतःच्या हाताने मान कापून देतो. मागोमाग राजाही जातो.

तिबेटी सृष्टीत याच गवताला कारण सापडते. पूर्वी कधी तरी कुश कापताना नागार्जुनाच्या हातून एक किडा मेला होता. म्हणून त्याच्यावर कोणतेही शस्त्र चालत नाही, चालते ते फक्त कुशाचे पाते. कर्माचा हिशेब इतका काटेकोर! तिथलाही नागार्जुन सोने करतो, परंतु ते नालंदेत दुष्काळ पडला असता भिक्षूंच्या मुखी अन्न पडावे म्हणून. तोडलेले मस्तक एक यक्षिणी दूर नेऊन टाकते. मस्तक आणि धड दोन्ही शिळा होऊन पडतात, आणि दर वर्षी त्या एकमेकींच्या थोड्या थोड्या जवळ सरकतात.

सर्वांत सखोल कथा मात्र काश्मीरची. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राजा अनंताची राणी सूर्यमती हिच्या करमणुकीसाठी सोमदेवाने कथासरित्सागर रचला. (त्याचे मूळ गुणाढ्याच्या पैशाची बृहत्कथेत आणि गुणाढ्य प्रतिष्ठानच्या सातवाहनाच्या दरबारात, तेव्हा ही कथाही फिरून आपल्या मुलखाशी येतेच.) यात राजाचे नाव चिरायु आणि नागार्जुन त्याचा मंत्री. रसायनाच्या बळावर राजा व मंत्री दोघेही जरामरणापासून सुटले आहेत. म्हणजे जे मिळवायचे ते मिळालेले आहे. इंग्रजी कादंबरीतला शास्त्रज्ञ जिथे पोहोचण्यासाठी धडपडतो तिथून ही कथा सुरू होते. आणि अशा वेळी नागार्जुनाचा सर्वांत लाडका मुलगा मरतो.

मग तो शोकाने अमृत करायला बसतो. आता ते स्वतःसाठी नव्हे आणि राजासाठीही नव्हे. कोणत्याच माणसाला मरण येऊ नये म्हणून. सिद्धी जवळ आली आहे, केवळ एक औषधी योग्य मुहूर्तावर घालायची राहिली आहे, तोच इंद्राला वार्ता लागते. तो अश्विनीकुमारांना पाठवतो. त्यांचा निरोप नीट ऐकण्यासारखा आहे. विधात्याने माणसे मर्त्य केली. तू ती अमर केलीस तर देव आणि माणूस यांत फरक काय राहिला? यज्ञ करणारा कोण आणि हवि घेणारा कोण? जगाची घडीच मोडेल. आणि तुझा मुलगा स्वर्गात सुखरूप आहे, त्याची चिंता करू नकोस. नागार्जुन विचार करतो. इंद्राचे ऐकले नाही तर हे शाप देतील. म्हणून तो ऐकतो. पण जाताजाता सांगायला चुकत नाही की तुम्ही आला नसता तर थोड्याच दिवसांत मी सारी पृथ्वी अजरामर केली असती. आणि ते अमृत तो त्यांच्यादेखत जमिनीत पुरून टाकतो.

या प्रसंगाशेजारी मेरी शेलीचे आयुष्य ठेवून पाहावे. १८१५ साली तिची पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि लौकरच गेली. पुढे आपले बाळ शेकोटीजवळ ऊब देताच पुन्हा जिवंत झाले असे स्वप्न पडल्याचे तिने रोजनिशीत नोंदवले. तिच्या कादंबरीतल्या तरुणाची आई तो विद्यापीठात जाण्याच्या तोंडावरच तापाने दगावते. काश्मिरी पंडित आणि इंग्रज लेखिका यांच्यामध्ये साडेसातशे वर्षे आहेत. पण भट्टी पेटली ती दोन्हीकडे घरातल्या मरणावर. या माणसाला वेडा म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे हे बरे. सोमदेव त्याला एकदाही वेडा म्हणत नाही.

इंद्राचे समाधान झाले तरी कथा संपत नाही. चिरायूचा मुलगा जीवहर युवराज होतो आणि हर्षाने आईकडे येतो. आई म्हणते, वेड्या, आनंद कसला? तुझ्यासारखे किती तरी युवराज झाले आणि वाट पाहून मरूनही गेले. राजा मात्र तसाच आहे. नागार्जुन रोज जेवायच्या वेळी याचकांना हवे ते मागा म्हणून पुकारतो. तेव्हा त्याचे मस्तक माग. जीवहर तसे करतो. नागार्जुन मान पुढे करतो आणि राजपुत्राच्या तरवारी एकामागून एक मोडतात; रसायनाने मान वज्राची झाली आहे. धावत आलेल्या राजाला नागार्जुन म्हणतो की पूर्वजन्मी मी नव्याण्णव वेळा मस्तक दिले आहे, हे शंभरावे, आड येऊ नकोस. मग स्वतःच एक चूर्ण तरवारीला लावून तो ती धारेची करून देतो. पुढे जीवहर गादीवर बसतो, पण नागार्जुनाच्या मुलांच्या हातून मारला जातो.

जैन प्रबंधांत हवा बदलते. मेरुतुंगाचा प्रबंधचिंतामणी सुमारे १३०५ सालचा. त्यातला नागार्जुन वासुकी नागाचा मुलगा, बापाने लहानपणापासून वनस्पती खाऊ घालून वाढवलेला. गुरू पादलिप्तसूरी पायांना लेप लावून आकाशमार्गे जातात. शिष्य त्यांचे पाय धुतो आणि त्या पाण्याचा वास, चव, रंग पाहून एकशे सात वनस्पती ओळखतो. चिनी चरित्रातल्या सत्तर द्रव्यांची आठवण इथे झालीच पाहिजे. आठनऊशे वर्षे आणि हिमालय ओलांडून ही एक खूण त्या माणसाला चिकटून राहिली. लेप लावून तो उडतो आणि धडपडतो, कारण लेप तांदळाच्या पाण्यात कालवायचा हे पाण्यावरून कळत नाही. ते गुरूच सांगतात. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग खोटा वाटणार नाही.

पुढचा नागार्जुन मात्र आपल्या ओळखीच्या वेड्या शास्त्रज्ञाच्या फार जवळ येतो. कोटिवेधी रस साधायचा, तर तो पार्श्वनाथाच्या मूर्तीपुढे एका पतिव्रतेच्या हातून खलला गेला पाहिजे. म्हणून तो मूर्ती पळवून सेढी नदीच्या काठी आणतो आणि सातवाहनाची राणी चंद्रलेखा हिला सिद्धीच्या बळावर रोज रात्री आणून पारा खलायला लावतो. राणी ही गोष्ट मुलांना सांगते. राजपुत्र रसाच्या लोभाने येऊन राहतात, भविष्यात सांगितल्याप्रमाणे दर्भाच्या अंकुराने त्याला मारतात, आणि रस मात्र त्यांच्या हाती लागत नाही. तो तिथेच स्तंभित झाला म्हणून ते स्थान स्तंभन. इथे दान नाही, शोक नाही. साधनेसाठी दुसऱ्याची मूर्ती आणि दुसऱ्याची बायको वापरणारा एक कुशल माणूस आणि त्याहून लोभी दोन मुले आहेत.

अशा लोभाची कडवट नोंद एका परक्याने करून ठेवली आहे. १०३० च्या सुमारास अल्-बेरूनी लिहितो की रसायनविद्येत नाणावलेला नागार्जुन सोमनाथाजवळच्या दैहक किल्ल्याचा, आपल्यापूर्वी शंभरएक वर्षांपूर्वीचा, आणि त्याचा ग्रंथ दुर्मिळ आहे. पाठोपाठ सोन्याच्या हव्यासाने अज्ञ राजे कोणत्या थराला जातात याविषयी तो चार खरमरीत वाक्ये लिहितो. राजे गेले; दागिने दुप्पट करून देतो म्हणणारे भोंदू आणि त्यांच्यापुढे पाटल्या काढून ठेवणारी घरे अजून वर्तमानपत्रांत भेटतात. आमच्या वऱ्हाडात तर १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवीने कापसाचे खरेच सोने केले होते आणि ती यादवी संपताच त्या सोन्याचा पुन्हा कापूस झाला, हे अमरावती-अकोल्याच्या बाजारांना सांगायला नको.

आता मस्तकाकडे वळू. युरोपीय कथांत शास्त्रज्ञाचा घात त्याची स्वतःची निर्मिती करते: राक्षस उलटतो, औषध उलटते. आमच्या नागार्जुनावर त्याचे रसायन कधीच उलटत नाही. ते इतके उत्तम साधते की तरवारी मोडतात. त्याला मारायला येतो तो वारस. चीनच्या प्रवाशाने ऐकलेली कथा घ्या, काश्मीरची घ्या, तिबेटची घ्या. दाराशी उभा राहतो तो राज्याची वाट पाहून थकलेला राजपुत्र. इंद्राची हरकत तात्त्विक होती आणि तिच्यावर तोड निघाली, अमृत पुरले गेले, सर्व ठीक झाले. राजपुत्राची हरकत तात्त्विक नव्हती. बाप मरत नाही, मग मी कधी राजा होणार, एवढाच त्याचा प्रश्न. आणि त्यावर कोणत्याही भट्टीत उत्तर तयार होत नव्हते. न मरणारी पिढी पुढच्या पिढीची जागा अडवते, ही गोष्ट आमच्या कथाकारांनी मृत्यूवरच्या विजयाच्या आनंदात नजरेआड केली नाही. म्हणूनच त्यांनी नागार्जुनाला त्या तरुणाशी भांडू दिलेले नाही. नकार द्यायला त्याच्याजवळ शब्द पुष्कळ होते. तो शून्यवादाचा आचार्य असेल तर त्याने राजपुत्राला, मस्तकाला आणि मागणीलाही शून्य ठरवून वाटेला लावले असते! कथा त्याला मान पुढे करायला लावते. चिरायु राजाच्या गोष्टीत सर्वांत अस्वस्थ करणारी वस्तू कोणती म्हणाल, तर ते तरवारीला स्वहस्ते लावलेले चूर्ण.

ज्या एका सृष्टीत त्याचे मस्तक कोणी मागत नाही ती पाचवी सृष्टी राहिली: रसग्रंथांची. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास १९०२ व १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला आणि नागार्जुनाच्या नावावरचा रसरत्नाकर विद्वानांपुढे आणला. तिथेही शालिवाहन आहे, बारा वर्षांच्या तपाने प्रसन्न झालेली वटयक्षिणी आहे, रस सिद्ध झाला की जगात दारिद्र्य उरू देणार नाही अशी प्रतिज्ञाही आहे. पण बोलणे लगेच कामावर येते. हिंगुळातून पारा कसा काढावा, खनिज कसे शोधावे, मुशीत काय काय घालावे. नवनाथ भक्तिसारातला वटसिद्ध नागनाथ आणि वटयक्षिणीचा हा नागार्जुन यांच्या नावांतले साम्य पाहून आम्हांला कुतूहल वाटते. ते कुतूहलच ठेवतो.

या ग्रंथात रसक नावाचे खनिज तांब्याबरोबर भाजले की तांब्याचे सोने होते, असे सांगितलेले आहे. ते सोने म्हणजे पितळ. पिवळे, झळझळीत आणि सोने नसलेले. हसण्यापूर्वी पुढचा पाठ वाचावा: रसक लोकर, लाख, हिरडा, टाकणखार यांच्याबरोबर झाकलेल्या मुशीत तापवला असता कथलासारखे दिसणारे सत्त्व निघते. हे सत्त्व म्हणजे जस्त. जस्त काढणे अवघड, कारण खनिजातून सुटताना ते वाफ होऊन उडते आणि हवा लागताच जळून जाते. वाफ कोंडून, थंड जागी उतरवून धरावी लागते. नंतरच्या रसरत्नसमुच्चयात त्यासाठी मूस सांगितली आहे ती वांग्याच्या आकाराची, तिला धोतऱ्याच्या फुलासारखी नळी, आणि खाली पाण्याचे भांडे.

१९८० नंतरच्या दशकात राजस्थानातल्या जावर येथे पुरातत्त्वज्ञांनी जुन्या भट्ट्या उकरल्या. एकेका भट्टीत मातीच्या छत्तीस मुशी उलट्या बसवलेल्या सापडल्या, नळ्या खाली, वाफ खालच्या थंड कोठीत उतरावी अशा. त्यांचा आकार वांग्यासारखा होता. बाराव्या शतकाच्या सुमारापासून तिथे जस्ताचा मोठा धंदा चालू होता; इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने अशीच वाफ खाली उतरवण्याची युक्ती करून जस्ताचे पेटंट घेतले ते १७३८ साली. जावरच्या आसपास राखेचे आणि फुटक्या मुशींचे डोंगर पडलेले आहेत, आणि तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींत विटांऐवजी त्याच वापरून टाकलेल्या मुशी रचलेल्या दिसतात.